नकाशात माढा कुठंय?

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त पुतण्याचं. दिवाळीला तो पुण्याहून माढ्याला आला होता. नोकरी काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, "काका, आम्ही नकाशे काढतो." मला वाटलं भूमापन खात्यात लागला की काय!

तसं नव्हतं. बाजारात कोणत्या नव्या कंपन्या आल्यात, त्या कोणतं तंत्रज्ञान घेऊन उतरल्यात, कुणाची गाठ कुणाशी पडणार, हे सगळं एका चित्रात मांडायचं आणि गिर्‍हाईक कंपनीला द्यायचं. त्यानं लॅपटॉपवर शेतीचा नकाशा उघडला. चौकोनच चौकोन. एकात बी-बियाणं, औषधं पुरवणारे, दुसर्‍यात माती-हवामान मोजणारे, मग ड्रोनवाले, माल उचलणारे, कर्ज-विमावाले. प्रत्येक चौकोनात रंगीत बोधचिन्हं. ॲग्रोस्टार, देहात, फसल, निंजाकार्ट ही नावं मी ओळखली. बाकीची पहिल्यांदाच बघत होतो.

चित्र कामाचं असतं, हे आधी कबूल करतो. एका चौकोनात वीस जण दाटीवाटीनं बसले असतील तर त्यातले निम्मे टिकणार नाहीत, हे न सांगता कळतं. रिकामा चौकोन दिसला तर तिथं संधी तरी आहे किंवा खड्डा तरी. पण चित्राला मर्यादाही आहे. मार्केटिंगच्या सॉफ्टवेअरचा असाच नकाशा स्कॉट ब्रिंकर हे गृहस्थ २०११ पासून काढतायत. पहिल्या वर्षी त्यात दीडशेच्या आसपास नावं होती, २०२४ मध्ये १४,१०६ झाली. बोधचिन्हं तांदळाच्या कणीएवढी! त्यातून कुणी काय निवडायचं?

गार्टनर कंपनी १९९५ पासून आणखी एक रेघ काढते. नवं तंत्रज्ञान आलं की अपेक्षा आभाळाला टेकतात, मग धाडकन खाली येतात आणि त्यातून जे तगतं ते हळूहळू वर चढतं. पुतण्या हे समजावून सांगत होता आणि मला हसू येत होतं. ही रेघ आम्ही डाळिंबात बघितलीय की! सगळीकडं बागाच बागा, मग तेल्या, मग मर, मग पिनहोल बोरर. लोकांनी झाडं उपटून ऊस-केळी केली. काहींनी मात्र बाग राखली.

आता मुद्द्याचं सांगतो. दादाच्या अडीच एकर बागेत सेन्सर बसवायचं घाटतंय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसावर एआयचा प्रयोग केल्यापासून त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. मी कचरतोय, कारण माझे हात एकदा पोळलेत. तीन वर्षांपूर्वी मी असंच एक हवामानाचं यंत्र घेतलं. पहिला हंगाम बरा गेला. दुसर्‍या हंगामात फोन उचलणं बंद झालं, मग कंपनीच बंद. तो खांब अजून बांधावर उभा आहे. वर साळुंक्या बसतात.

आणि पुतण्याच्या नकाशात त्या कंपनीचं बोधचिन्ह झळकत होतं!

पोरगं ओशाळलं. म्हणालं, "काका, आम्ही कुणाला किती भांडवल मिळालं त्यावरून यादी करतो. बंद पडल्याचं कुणी कळवत नाही." माझा आक्षेप नेमका इथंच आहे. हा नकाशा पैसे लावणार्‍यांनी पैसे लावणार्‍यांसाठी काढलेला असतो. जन्माची नोंद ठळक, मरणाची नाही. बांधावर काय झालं याला त्यात चौकोनच नाही.

आपल्याच तालुक्यातलं बघा. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रूळ टाकले. हलक्या रेल्वेचं ते त्या काळचं नवंकोरं तंत्रज्ञान. पुढं ती लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली आणि १९५४ मध्ये सरकारनं ताब्यात घेईपर्यंत कंपनीच ती चालवत होती. इतकी वर्षं कशी टिकली? कारणं बरीच असतील, पण एक मला महत्त्वाचं वाटतं. इंजिनं-डबे दुरुस्त करायचं वर्कशॉप कुर्डुवाडीतच होतं. बिघाड झाला तर माणूस जवळ होता.

म्हणून आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दुसरा नकाशा काढला. प्रश्न चारच. तालुक्यात कंपनीचा माणूस आहे का? दुसर्‍या हंगामाला तो परत आला का? यंत्र बिघडलं तर किती दिवसांत येतो? आणि कंपनी बुडाली तर आपल्या बागेची माहिती आपल्या हातात राहते का? पुतण्यानं तिथंच बसून फोन लावले. संध्याकाळपर्यंत एवढ्या गर्दीतून तीन नावं उरली.

दादानं अजून सही केलेली नाही. "आधी दोन वर्षं वापरणारे दोन शेतकरी दाखवा, मग बोलू," असं त्यानं तिघांनाही सांगितलंय. पुतण्या कॅलेंडरचा फोटो घेऊन पुण्याला गेला. साहेबांना दाखवतो म्हणाला. साहेब काय म्हणाले ते कळलं की लिहीनच. आणि तुमच्यापैकी कुणी बागेत असं यंत्र दोन हंगाम वापरलं असेल तर जरूर कळवा. दादा वाट बघतोय.