चाळीसगावचा टांगा आणि तुमचा विनोद

जळगावात एका साहित्यिक बैठकीत एक जाणकार मला म्हणाले, "भाऊ, तुम्हा लोकांच्या लिखाणात राग आहे, शिव्या आहेत, सगळं आहे. पण विनोद नाही. जरा हसायला शिका." मंडळी हसली. चहा आला. मी उत्तर गिळलं आणि धुळ्याची एस.टी. पकडली. ते उत्तर आता इथं ओकतो.

साहेब, विनोद पाहिजे ना? घ्या. खानदेशातलाच घ्या.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारनं समिती नेमलेली. तिचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आलेले. धुळे लाइनीवरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. त्याचा तपास करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनापासून महारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर. पण आपला बॅरिस्टर पायी कसा न्यायचा? लोकांनी टांगा बघितला. टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून टांगा हाकणं आमच्या इभ्रतीत बसत नाही. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं देतो, हाकणार मात्र नाही!

म्हणजे घोडा बाटत नाही. चाक बाटत नाही. भाड्याचा पैसा तर मुळीच बाटत नाही. बाटतो फक्त लगाम धरणारा हात. आता हसा की!

लगाम आपल्यातल्याच एकानं धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. टांगा घोड्यासकट नदीत.

ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. माझ्या शाळेच्या पुस्तकात ती नव्हती. विनोदासाठी पु. ल. होते. आम्हीही पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू? पण संडास साफ करणाऱ्याच्या जागेवरून 'बटाट्याची चाळ' कशी दिसेल, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, नेमाडे घ्या. घेतो. नेमाडे आमच्याच जळगाव जिल्ह्यातले, सांगवीचे. १९६३ च्या 'कोसला'नं सदाशिवपेठी मराठीचं सोवळं फेडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, अजून वाजवतो. पण पांडुरंग सांगवीकराला कंटाळा परवडतो, कारण गावाकडं बापाची शेती उभी आहे. त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. तिथला माणूस जात लपवून रेल्वेत नोकरी करतो आणि उघडा पडल्यावर मार खातो. एकाला जगण्याचा कंटाळा, दुसऱ्याला जगण्याचीच चोरी. दोन्ही मराठीच. पण हसायचा सल्ला दुसऱ्यालाच का?

आणि सिनेमा? धुळ्याहून आग्रा रोडनं नाशिककडं निघालं की मालेगाव लागतं. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेखनं २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, पुढं हाडकुळ्या माग-कामगाराला सुपरमॅन करून उडवला. स्टुडिओ नाही, पैसा नाही. मोठ्या पडद्यावरच्या हिरोची टर उडवायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. खालून वर फेकला की विनोदाचा असा धोंडा होतो.

तर दोस्तहो, ज्याच्या हातात मोबाईल आहे त्यानं चाळीसगाव गाठा. तो टांगा पुन्हा जुंपा. टांगेवाल्याची इभ्रत जवळून दाखवा. कोण बाटलं ते घोड्याला विचारा. फक्त लगाम धरणाऱ्या आपल्या माणसाला हसू नका. त्याला टांगा हाकता येत नव्हता. पण आपला पाहुणा पायी जाऊ नये, एवढं त्याला कळत होतं.

पहिला खेळ जळगावात त्या जाणकारांसमोर लावू. पुढच्या रांगेत बसवू, चहाही पाजू.

बघू, कोण हसतं.