तोंड हेच मुळात एक दार

एकच छिद्र, व्रण नाही, चार दिवसांत घरी! ऑपरेशनच्या सिंगल-पोर्ट रोबोची अशी जाहिरात करणाऱ्यांना घशाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया कळलेली नाही. छिद्र पोटाला पाडावं लागतं. घशात शिरायला तोंडाचं दार आहेच. तेव्हा ‘एकच छिद्र’ हा इथे गुणच नव्हे.

रोबोचे विरोधक म्हणतात, आपल्याकडचा कॅन्सर तंबाखूचा, गालाचा न्‌ हिरडीचा. तो आ केला की दिसतो, त्याला यंत्र कशाला? गालापुरतं हे खरंच आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठीही त्याच वेळी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. त्या गाठी वाढून दिसेपर्यंत वाट पाहिली तर ६७.५ टक्के. टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये दाखवलेला हा फरक रोबोने नव्हे, वेळेवर घेतलेल्या निर्णयाने पडला.

पण जिभेच्या बुडाशी गाठ असेल तर? कितीही आ वासला तरी ती दिसत नाही. जुनी वाट म्हणजे ओठ चिरायचा, जबडा करवतीने कापायचा, मग पट्टी लावून सांधायचा. तोंडावाटे चालणाऱ्या रोबोला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली आणि ही चिरफाड पुष्कळांची टळली. मात्र त्याचे हात वेगवेगळ्या बाजूंनी येतात आणि दातांच्या उंबऱ्यावरच एकमेकांना अडतात. सिंगल-पोर्ट ‘दा विंची एसपी’मध्ये कॅमेरा आणि ६ मिलिमीटरची तीन हत्यारं अडीच सेंटिमीटरच्या एकाच नळीतून जातात आणि आत गेल्यावर वळतात. कॅमेराही वळतो. घशासाठी अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. त्याचा खरा गुण हा: व्रण वाचत नाही, जागा वाचते.

म्हणून तो घ्यावा, पण ऊठसूट नव्हे. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘ओरेटर’ चाचणीत घशाच्या कॅन्सरच्या ६८ रुग्णांमध्ये रोबोची तुलना किरणोपचाराशी झाली. वर्षभरानंतर गिळण्याच्या बाबतीत किरणोपचाराचं पारडं किंचित जडच निघालं. ‘पी हळद अन्‌ हो गोरी’ असं इथे काही नाही. जिथे घशाचे रुग्ण पुरेसे येतात, सर्जन आणि किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात आणि ऑपरेशननंतर मध्यरात्री घशातून रक्त आलं तर धावून येणारी माणसं आहेत, तिथेच हे यंत्र शोभेल.

रुग्णानेही ‘रोबो आहे का?’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं, ‘डॉक्टर, गाठ नेमकी कुठे आहे?’