प्रवाळांना उष्णता सोसते, गाळ सोसत नाही

ऑगस्टमध्ये बहारीनभोवतालच्या उथळ समुद्राचे तापमान 35 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. हिवाळ्यात तेच पाणी पार थंडगार होते. अन्यत्र नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून पाणी एखाद-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ पांढरे पडतात. आखातातील प्रवाळ मात्र सहस्रावधी वर्षे टिकून आहेत. त्यामुळे तापत्या महासागरांवरचा उतारा येथेच सापडेल, अशी आशा व्यक्त होत असते. बहारीनचा अनुभव तिला मर्यादा घालतो.

प्रवाळ आणि समुद्रपुष्पे, म्हणजे सी ॲनिमोन, ही सख्खी भावंडे. उथळ उष्ण पाण्यातील बहुतेक प्रवाळ आणि अनेक समुद्रपुष्पे आपल्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल सांभाळतात. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते. पाणी फार तापले की शैवालाची ही यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-संयुगे साचतात आणि यजमान आपल्याच अन्नदात्याला बाहेर घालवतो. यालाच विरंजन म्हणतात. हा तत्काळ मृत्यू नव्हे, उपासमार आहे. पाणी वेळेत निवले तर जीव सावरतो.

आखाती प्रवाळांच्या चिवटपणात ‘थर्मोफिलम’ या शैवालजातीचा मोठा वाटा आहे. तिचे शास्त्रीय वर्णन 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मग ही जोडी उचलून दुसऱ्या समुद्रात का नेऊ नये? अडचण मिठाची आहे. आखाताची क्षारता खुल्या महासागराहून बरीच अधिक असते, आणि सर्वसाधारण क्षारतेच्या पाण्यात या प्रवाळांची उष्णतासहिष्णुता घटते, असे प्रयोगांत दिसले. ‘ऐप्टासिया’ या प्रयोगशाळेतील लाडक्या समुद्रपुष्पावर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा कौलही तसाच होता: खारटपणा वाढला की काही शैवालांच्या सोबतीत उष्णता अधिक सोसते. थोडक्यात, हे बळ बव्हंशी या पाण्याचेच देणे आहे.

तेही अमर्याद नाही. 2017 च्या उन्हाळ्यात शमाल वारे मंदावले, बाष्पीभवनाने होणारे शीतन घटले आणि अबुधाबीलगतचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवाळ काही महिन्यांत नष्ट झाले. बहारीनला हा फटका त्याआधीच बसला होता. पूर्वेकडील फश्त अल अधम या विस्तीर्ण खडकावरील बहुतांश जिवंत प्रवाळ 1996 आणि 1998 च्या उन्हाळ्यांत गेले. त्यानंतर त्यांना सावरायला निवांतपणा हवा होता. मिळाला तो गाळ. 1970 च्या दशकापासून बहारीनने समुद्रात भर घालून शंभराहून अधिक चौरस किलोमीटर भूमी मिळवली. त्यासाठी तळ उपसला जातो, पाणी गढूळ होते, शैवालाचा प्रकाश अडतो आणि नव्या प्रवाळ-अळ्यांना चिकटायला स्वच्छ खडक उरत नाही. घरांची गरज खरी आहे, पण या व्यवहाराची किंमत हिशेबात क्वचितच मांडली जाते. 2019 मध्ये पाणबुड्यांच्या पर्यटनासाठी एक बोइंग 747 विमान समुद्रतळाशी बसवण्यात आले; त्यावर जीव वसतीलही, पण पाणी गढूळच राहिले तर प्रवाळांना विमान काय आणि खडक काय, सारखेच.

किनाऱ्यापासून दूर उत्तरेला, खोल पाण्याने वेढलेल्या बुलथामा येथे प्रवाळ अजून तग धरून आहेत. तेथील शिंपल्यांचे क्षेत्र 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र ती नोंद मोती वेचण्याच्या परंपरेसाठी झाली; प्रवाळांना त्या छत्राची सावली केवळ शेजारधर्माने मिळते.