नवाबाची रायफल, पारध्याचे फासे

डिसेंबर 2024मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला आणि जिल्ह्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी घरी बसला आणि मोबाईलवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. त्यातला एक सल्ला आपल्या मोहल्ल्यांमध्ये जरा जास्तच उत्साहानं फिरत होता. हैदराबादहून नवाबसाहेबांना बोलवा, दोन दिवसांत काम तमाम. सोबत खाकी कपड्यातल्या, रायफल घेतलेल्या माणसाचा फोटो आणि खाली दोन शब्द: अपना आदमी.

हा लेख या 'अपना आदमी'बद्दल आहे. काहींना तो झोंबेल, झोंबू द्या.

येडशीला आलेला वाघ टिपेश्वरचा होता. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर ते आपलं येडशी हे अंतर साडेचारशे-पाचशे किलोमीटर. जनावर एवढं चाललं, वाटेत रस्ते, रेल्वे, उसाचे फड, गावं लागली, आणि अखेर जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या एका अभयारण्यात येऊन थांबलं. पुढे ते बार्शीकडेही फिरू लागलं. जनावरं मारली गेली, लोक घाबरले, वनखात्यानं बेशुद्ध करून पकडायचा घाट घातला आणि वाघानं पथकांना चांगलंच फिरवलं. याच टिपेश्वरच्या शेजारी पांढरकवडा आहे आणि पांढरकवड्याचं नाव घेतलं की 'अवनी' आठवते. म्हणून नवाबसाहेबांचा सल्ला देणाऱ्यांनी आधी अवनीचं प्रकरण नीट वाचायला हवं होतं.

टी-1 ऊर्फ अवनी ही दोन बछड्यांची आई. तिच्या नावावर 13 माणसांचे बळी लावले गेले. वनखात्याचा आदेश होता की आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर मारा. सप्टेंबर 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग मोहीम सुरू झाली आणि तिची जत्रा झाली. हत्ती आणले, त्यातला एक साखळदंड तोडून पळाला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. परदेशी जातीचे कुत्रे आणले, पॅराग्लायडर आणला, परफ्यूम शिंपडला. आणि हैदराबादचे नवाब शफाअत अली खान आले, आपल्या बंदुकांसह.

2 नोव्हेंबर 2018च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ वाघीण मेली. गोळी शफाअत अली यांनी झाडली नव्हती, त्यांचे चिरंजीव असगर अली यांनी झाडली होती. आदेश वडिलांच्या नावे आणि वडील त्या रात्री बिहारला गेलेले. वाघीण जीपवर चालून आली म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली, असं असगर अलींचं म्हणणं. शवविच्छेदनानंतर त्यावर प्रश्न उभे राहिले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं नेमलेल्या पथकानं शस्त्र कायदा, पशुवैद्यक परिषद कायदा आणि प्राधिकरणाची ठरलेली कार्यपद्धती या तिन्हींचा भंग झाल्याचं अहवालात नोंदवलं. पुढे 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण पुन्हा उघडायला नकार दिला, हेही सांगितलं पाहिजे. पण पथकाचा अहवाल त्यामुळे पुसला जात नाही.

शस्त्र कायद्याचा मुद्दा साधा आहे. बंदूक ही मोटारसायकल नाही, की बापाच्या नावावर आहे म्हणून पोरानं घेऊन जावी. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासारखे अपवाद सोडले तर परवाना नसलेल्यानं ती हातात घ्यायची झाल्यास परवानाधारक तिथे हजर हवा. आपल्याकडे एखाद्या ऊसतोड मजुराच्या झोपडीत कोणाची तरी गावठी भरमार सापडली असती, तर 'बापाची आहे' हे उत्तर चाललं असतं का?

आता विमानाचं पाहू. बंदूक विमानातून कशी जाते याची अनेकांना कल्पना नसते. ती केबिनमध्ये चालत नाही, खाली सामानात जाते. रिकामी करावी लागते, कुलपाच्या पेटीत ठेवावी लागते, काडतुसं वेगळी बांधावी लागतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती माणशी 5 किलोपेक्षा जास्त नकोत. काउंटरवर परवाना दाखवून लेखी सांगावं लागतं की माझ्याकडे शस्त्र आहे. आधी कळवलं नसेल तर कंपनी नाही म्हणू शकते. नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. हँडबॅगेच्या तळाशी विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी गुन्हा दाखल होतो आणि मग ते माझ्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं, हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पण या सगळ्या कागदांत एक प्रश्न खऱ्या अर्थानं कुणी विचारत नाही. कशासाठी चालला आहात? कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे रायफल घेऊन पॅरिसला गेला आणि 2024च्या ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी वर्षानुवर्षं अशाच पेट्या वाहिल्या. त्यांच्या बंदुकीचं निशाण कागदावर असतं. त्याच रांगेत, तसल्याच पेटीत, जनावर मारायला निघालेली बंदूक असते आणि कुलूप ठीक, परवाना ठीक, काडतुसांचं वजन ठीक, म्हणून तिला तोच टॅग लागतो.

भारतात 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. मग पैसेवाल्या हौशींनी दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाची वाट धरली. तिथे मारायच्या जनावरांचं दरपत्रक असतं. दक्षिण आफ्रिकेत उतरलं की पोलिसांकडून बंदुकीचा तात्पुरता परवाना मिळतो, नको असेल तर बंदूक तिथेच भाड्यानं मिळते. (17 सप्टेंबर 2022ला त्याच नामिबियातून विमानानं आठ चित्ते आले आणि आपण टाळ्या वाजवल्या. आकाशात कोण कोणाला ओलांडून जातं, पाहा.) 2015मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला, जगभर ओरड झाली, तेव्हा डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांची शिरं-कातडी न्यायला नकार दिला. चांगलं झालं. बंदुका मात्र त्या अजूनही नेतात. म्हणजे मारायला जाताना अडवणार नाही, फक्त मुंडकं आमच्या विमानात नको!

आता आपल्या घरात येऊ. अवनी मेल्यावर समाजमाध्यमांवर गोळीपेक्षा जास्त चर्चा असगर अली या नावाची झाली. नाव वाचलं आणि अनेकांना सगळं प्रकरण 'समजलं'. त्या आधी सलमान खानच्या काळवीट प्रकरणात तेच, 2005मध्ये मन्सूर अली खान पतौडींच्या वेळी तेच. हा द्वेष आहे, त्याला द्वेषच म्हटलं पाहिजे. मध्य भारतातल्या सुरगुजाच्या महाराजांनी अकराशेहून अधिक वाघ मारले असं सांगितलं जातं. 1947मध्ये देशातले शेवटचे मानले गेलेले तीन चित्ते कोरियाच्या महाराजांनी टिपले. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटं मारवली जात, आणि चित्ते सांभाळणारे चित्तेवान मात्र बरेचसे आपल्यातले. शिकारीला धर्म नव्हता, जहागिरी होती.

पण द्वेषाला उत्तर म्हणून आपण काय केलं? ज्यानं कायदा मोडल्याचं अहवाल सांगतो, त्याला आपला वकील न बनवता आपला हिरो बनवलं. कुणी नावावरून शिवी दिली, म्हणून आपण नावावरूनच मिठी मारली. हे मला मान्य नाही. शिव्या देणाऱ्याचं आणि मिठी मारणाऱ्याचं गणित एकच आहे, दोघांनीही गोळी पाहिलेली नाही.

यामागे एक जुनी खाज आहे. उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानांचं. 2023मध्ये ते कागदावरून गेलं, पण तोंडातून गेलेलं नाही, आणि त्याबद्दल मी वेगळा भांडेन. नावासोबत नवाबीची हुरहुर मात्र जपायची गरज नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा वाघाच्या शिकारीचा लौकिक मोठा होता. परंड्या-नळदुर्गाकडच्या आपल्या पणजोबांनी त्या शिकारीत काय केलं असेल? हाका घातला असेल. डबे वाजवत झुडपात शिरणारा माणूस आपला होता, मचाणावरचा नव्हता. फोटोत वाघाच्या डोक्यावर पाय ठेवलेला साहेब दिसतो, हाकेवाला चौकटीच्या बाहेर उभा असतो. नवाबाशी नातं सांगताना आपण कुठल्या बाजूला उभे होतो, एवढं तरी आठवावं.

धर्माचं म्हणाल तर तो या शौकाच्या पाठीशी नाही. पोटासाठी शिकार करायला इस्लामनं परवानगी दिली, तीही अटींसह. इहराम बांधलेल्या हाजीला सूरह माइदात जमिनीवरची शिकार साफ मना आहे. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण बनवू नका, ही ताकीद सहीह हदीसमध्ये आहे. मौज म्हणून मारणं आणि त्यासाठी विमानाचं तिकीट काढून आफ्रिकेला जाणं, याला इसराफ म्हणायला मुफ्तीची गरज नाही.

आणि आता तो माणूस, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आपल्या कळंब, वाशी, भूम भागात पारध्यांच्या वस्त्या आहेत. वस्तीला इथे 'पिढी' म्हणतात. फासेपारधी हा या जिल्ह्यातला खरा शिकारी. त्याच्याकडे परवाना नाही, पेटी नाही. त्याच्याकडे फासे आहेत, घोड्याच्या केसांचे, तितर-लाव्यासाठी. इंग्रजांनी 1871मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, पारध्यांवर त्याचा शिक्का बसला. 1952मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. 1972च्या कायद्यानं पोट भरायचं साधनही गुन्हा ठरवलं. जंगल वाचायचं तर तसं करणं भाग होतं, हे मी मान्य करतो. पण त्या बदल्यात त्याला जमीन, शाळा, काम यातलं काय दिलं? एसटी स्टँडवर पोतं घेऊन बसलेल्या पारध्याला कशासाठी चाललास, हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. कुठे चोरी झाली की पहाटे पिढीला वेढा पडतो. तितर सापडलं तर कायदा, आणि रायफल सापडली तर आधी कागद बघू.

अवनीच्या मोहिमेत कुत्रे घेऊन आलेला गोल्फपटू ज्योती रंधावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या कतर्नियाघाटच्या जंगलात शिकारीच्या आरोपावरून त्याला रायफलीसह अटक झाली. सरकारनं ज्याला जंगलात मानानं बोलावलं, त्याच्याकडे संशयानं बघायला कुणाला सुचलं नव्हतं.

शेतकऱ्याचीही तीच गत. रात्रीतून रानडुकरं भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं करून जातात. सरकारी निर्णयाप्रमाणे शेतकऱ्यानं अर्ज केला आणि वनखात्यानं परवानगी दिली तर पिकावर आलेलं रानडुक्कर मारता येतं. मारायचं कशानं? दोन एकरवाल्याला बंदुकीचा परवाना कोण देतो? ज्याला आहे त्याची बंदूक निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. 2024च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होतं आणि तूर शेतात उभी होती, हिशोब करा. 2016मध्ये बिहारमध्ये मोकामाला शेकडो नीलगाई मारल्या गेल्या, तिथेही बंदुकीमागे हैदराबादचीच मंडळी होती. शेतकऱ्याच्या नावानं परवानगी आणि नेम बाहेरच्याचा.

माझं म्हणणं सरळ आहे. येडशीत वाघ आला, उद्या आणखी येतील, टिपेश्वर अपुरं पडत आहे. खासगी बंदूक कितीही नावाजलेली असो, ती या कामात नकोच. बेशुद्धीचं इंजेक्शन पशुवैद्यकानं द्यावं, गोळीची वेळ आलीच तर ती खात्याच्या नोकरानं, खात्याच्या बंदुकीनं झाडावी, म्हणजे उत्तर देणारा माणूस पगारपत्रकावर सापडेल. मराठवाड्यासाठी असं पथक कायमचं हवं, दर वेळी ताडोबाहून आणि पुण्याहून गाड्या निघायची वाट बघायला नको. आणि माग काढायला पारधी घ्या. पावलावरून जनावर किती वेळापूर्वी गेलं हे सांगणारी माणसं याच जिल्ह्यात उपाशी आहेत. रोजंदारीवर नको, ओळखपत्र देऊन घ्या, म्हणजे स्टँडवर पोलीस थांबवेल तेव्हा त्याच्याही खिशात दाखवायला कागद असेल. बैल मेलेल्या शेतकऱ्याचा पंचनामा त्याच दिवशी व्हावा आणि पैसे पेरणीच्या आत मिळावेत. मेलेला बैल जूनमध्ये औताला लागतो, वनखात्याच्या फायलीला ते कळत नाही.