न वाचलेला लखोटा

गेल्या दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्यावर इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला. त्याच्या हातांत एक पेन ड्राइव्ह होता व चेहरा उतरलेला होता. त्याची आजी पैठणची. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओंव्या मुखोद्गत होत्या. श्रावणांत ती त्यांच्या घरीं राहावयास आली असतां मुलानें आपल्या काकांच्या नव्या फोनवर तिच्या ओंव्यांचें चित्रण करून ठेविलें होतें. पुढें नवरात्राच्या सुमारास आजी वारली. घरच्यांनीं ती चित्रफीत संगणकावर लावून पाहिली, तों संगणकानें एक इंग्रजी सूचना दाखवून ती उघडण्याचें साफ नाकारलें. फोनमधील मूळ प्रत तर जागा करण्यासाठीं पूर्वींच पुसून टाकलेली. वडिलांनीं निर्णय दिला कीं, फाईल खराब झाली. ती आतां काढून टाकावी. मुलानें त्यांच्याकडून एक दिवसाची मुदत मागून घेतली होती.

दुसऱ्या दिवशीं वडिलांनाही आम्ही बोलावून घेतलें. शाळेच्या संगणकावर व्ही.एल.सी. नांवाचा एक फुकट मिळणारा कार्यक्रम होता. त्यांत ती चित्रफीत लावतांच पडद्यावर आजी दिसूं लागली. वडील कांहीं बोलले नाहींत. ती संपल्यावर त्यांनीं ती पुन्हां पहिल्यापासून लावावयास सांगितली.

ह्या प्रसंगावरून आम्हांस जें सांगावयाचें आहे तें हें कीं, “खराब झाली” हा शब्द आपण फार घाईनें उच्चारतों. आपल्या पुष्कळांच्या घरीं जुन्या दप्तरांत मोडी लिपींतील कागद असतात. नातवाला ते वाचतां येत नाहींत. पण म्हणून ते कागद बिघडले असें कोणी शहाणा म्हणेल काय? कागद धड आहे, शाई धड आहे. उणीव आहे ती वाचणाराची. चित्रफितीचेंही बहुधा असेंच असतें. फाईलच्या नांवाच्या शेवटीं जें “एम.पी.४” किंवा “एम.ओ.व्ही.” लिहिलेलें असतें, तो केवळ लखोटा होय. आंतील मजकूर कोणत्या लिपींत आहे, हें त्यावरून पुरतें कळत नाहीं. एच.२६४ ही लिपी २००३ सालीं ठरली व ती आज जवळजवळ प्रत्येक संगणकाला वाचतां येते. एच.२६५ ही २०१३ सालीं ठरली. तेवढ्याच प्रतीचें चित्र ती सुमारें निम्म्या जागेंत बसविते, म्हणून नवे फोन व कॅमेरे तिचा उपयोग करूं लागले. परंतु ती वाचण्याची सोय पुष्कळ संगणकांत मूळची नसते. ती मागाहून घ्यावी लागते. व्ही.एल.सी.चा आरंभ १९९६ सालीं पॅरिस येथील एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं केला. हा कार्यक्रम अशा अनेक लिपी वाचण्याचें साधन स्वतःबरोबरच घेऊन येतो. म्हणूनच आजीचें दर्शन घडलें.

वडिलांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कारण हीच चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. २०११ सालीं आमच्या एका वृद्ध गुरुजींचा निरोपसमारंभ झाला. त्याचें चित्रण एका मित्राच्या कॅमेऱ्यावर केलें होतें. फायलींच्या नांवांपुढें “एम.टी.एस.” अशीं अनोळखी अक्षरें होतीं व आमच्या संगणकाला त्या उघडेनात. दुसऱ्या दिवशीं क्रीडास्पर्धा होत्या, कार्डांत जागा हवी होती; आम्हीं त्या पुसून टाकल्या. ती कॅमेऱ्यांची एक नेहमींची रीत असून योग्य साधनानें सहज उघडते, हें आम्हांस दोन वर्षांनीं कळलें. तोंपर्यंत गुरुजी ह्या जगांत राहिले नव्हते. त्या भाषणांतील एकही वाक्य आज आम्हांस जसेंच्या तसें आठवत नाहीं.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें : चित्रफीत उघडत नसेल तर प्रथम हात आवरावा. कार्ड “फॉरमॅट करूं काय ?” असें संगणकानें विचारल्यास नाहीं म्हणावें. नंतर क्रमानें तपास करावा. तीच फाईल कॅमेऱ्यावर किंवा फोनवर लावून पाहावी. तेथें ती चालत असेल, तर मूळ धड आहे. दोष नक्कल करण्यांत आहे किंवा वाचण्यांत आहे. मग दोन्हीं ठिकाणचें फाईलचें माप ताडून पाहावें. संगणकावरील माप कमी भरलें, तर नक्कल अर्धवट झाली असें समजावें. ती पुन्हां करावी व पूर्ण होईपर्यंत तार ओढूं नये. मापें जुळत असतील, तर बहुधा लिपीचा प्रश्न आहे. दुसऱ्या कार्यक्रमांत ती लावून पाहावी. आवाज येतो पण चित्र नाहीं, हेंही बहुधा ह्याच रोगाचें लक्षण होय. चित्र अडखळत चालत असेल, तर जुन्या संगणकाची शक्ति अपुरी पडते आहे असें बहुधा समजावें. अशा वेळीं हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमानें एच.२६४ मध्यें वेगळी प्रत तयार करावी. मूळ मात्र तसेंच ठेवावें. फाईलच्या नांवाचीं शेवटचीं अक्षरें बदलून कांहीं साधत नाहीं. लखोट्यावरचा पत्ता खोडल्यानें आंतील लिपी बदलत नसते.

फाईल कॅमेऱ्यावरही उघडत नसेल, तरी निराश होऊं नये. पुष्कळ कॅमेरे चित्रण थांबविल्यावर शेवटीं त्याची अनुक्रमणिका लिहितात. मध्येंच बॅटरी संपली तर पानें राहतात, अनुक्रमणिका तेवढी राहून जाते. त्याच कॅमेऱ्याची, त्याच मांडणीची दुसरी धड चित्रफीत नमुना म्हणून पुढें ठेवून ती पुन्हां रचणारे कार्यक्रम आहेत, व त्यांना अनेकदां यश येतें. चुकून पुसलेली फाईलही, त्या कार्डावर नवें कांहीं लिहिलें गेलें नसेल तर, पुष्कळदां परत मिळते. ह्यासाठीं तें कार्ड तत्काळ बाजूला काढून ठेवावें.

कांहीं पालक म्हणतील कीं, ही कारागिराची विद्या आहे; मुलांनीं आपला अभ्यास करावा. आम्हांस हें मान्य नाहीं. कारागिराला यंत्र कळतें; परंतु कोणती चित्रफीत घराला प्राणांहून प्रिय आहे, हें त्यास कसें कळावें ? शिवाय कारण शोधून मग निर्णय देणें, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहणें, हीच विज्ञानाच्या तासाची शिकवण आहे. ती प्रयोगशाळेच्या दाराशींच सोडून यावयाची असेल, तर शिकवून तरी काय उपयोग ?

दुसरा आक्षेप जागेचा. फोनच्या मांडणींत सर्वत्र चालणारी जुनी रीत निवडली तर चित्रण सुमारें दुप्पट जागा खातें, हें खरें. रोजच्या गमतीजमतींसाठीं नवी रीत खुशाल ठेवावी. परंतु लग्न, स्नेहसंमेलन, वडीलधाऱ्यांचें बोलणें अशा प्रसंगीं जुनी रीतच बरी, असें आमचें मत आहे. जागा पैसे देऊन विकत घेतां येते. पैठणची आजी पुन्हां ओंवी म्हणावयास येत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यांतील. अजिंठ्याचीं लेणीं आपल्या छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें १०० किलोमीटरांवर आहेत. तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल ह्याची नेमणूक झाली. त्यानें त्या कामीं अनेक वर्षें घालविलीं. त्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें ठेविल्या होत्या. १८६६ च्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह तें काम पुन्हां हातीं घेतलें व तें १८८५ पर्यंत चाललें. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगींत त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या. मूळ चित्रें तर ह्या काळांत लेण्यांत झिजतच होतीं. श्रम अपार, कौशल्य अपार; परंतु सारें एकाच छपराखालीं ! आज नक्कल करावयास वर्षें लागत नाहींत, कांहीं मिनिटें लागतात. तरीही आपण एकच प्रत एकाच फोनमध्यें ठेवून निश्चिंत झोंपतों.

तेव्हां, विद्यार्थीमित्रहो, येत्या सुटींतला एक दिवस ह्या कामाला द्या. आई-वडिलांस जवळ बसवून घरांतील जुनीं कार्डें, पेन ड्राइव्ह व बंद पडलेले फोन बाहेर काढा. ज्या फायली उघडत नाहींत त्यांची एक यादी वहींत करा, व एकही पुसूं नका. जें उघडेल त्याच्या दोन प्रती करून त्यांतील एक दुसऱ्या घरीं, मामाकडे किंवा आत्याकडे, ठेवा. जें उघडणार नाहीं तें घेऊन शाळा उघडल्यावर आमच्याकडे या. मधल्या सुटींत संगणकाच्या खोलींत आम्ही असतों.