एचडी, पण कुणाच्या भाषेत?

सीमाभागात अनेक घरांत टीव्हीचा खर्च दोन भाषांचा असतो. सासूबाईंना मराठी मालिका हवी, सूनबाईंना कन्नड. एचडी घेताना हे अधिक जाणवते. सेट-टॉप बॉक्स एचडीचा लागतो, वाहिन्यांचे दरही चढे. २०१९ मध्ये लागू झालेल्या 'ट्राय'च्या नियमांत १३० रुपये (कर वेगळा) मूळ शुल्कात १०० वाहिन्या मिळत. पण एक एचडी वाहिनी दोन धरली जाई. २०२४ मध्ये त्या शुल्कावरची कमाल मर्यादाही उठली. तेव्हा आधी आपला टीव्ही एचडी आहे का, ते पाहावे. मग मोठा पॅक न घेता दोन्ही भाषांतली एकेक आवडती वाहिनी एचडीत घ्यावी. चार पैसे वाचवायला एकाच भाषेवर कात्री चालवू नये. मराठी असो वा कन्नड, घरातल्या एकीनेच अंधूक चित्र का पाहावे?