वाढदिवस आईंचा, चूल कुणाची?

आपल्या घरात वर्षभरात कुणाकुणाचे वाढदिवस होतात, त्याची एकदा यादी करून पाहा बरं. मुलांचे होतात, यजमानांचा होतो, हल्ली आपलाही होतो. आता त्याच यादीत सासूबाईंचं नाव घाला, आपल्या आईचं घाला, आणि पुढं तारीख लिहायला घ्या. बऱ्याच घरांत पेन तिथंच थांबतं.

यात कुणी मुद्दाम हयगय केली असं नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा साऱ्या देशासाठी एक कायदा झाला तो १९६९ साली. त्याआधी आपल्या वऱ्हाडात गावचा कोतवाल नोंदी ठेवी. त्या वहीला अजूनही कोतवाल बुक म्हणतात. त्यात तारीख असे, बापाचं नाव असे, आणि पुढं पुष्कळदा एवढंच, 'मुलगी'. तिचं नाव नाही. शाळेत घातलेल्या पोरांची तारीख मास्तर अंदाजानं टाकीत. मी शाळेत शिकवते, तेव्हा ठाऊक आहे. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात १ जुलैला जन्मलेली मुलं पानोपानी भेटतात. आणि जी शाळेची पायरीच चढली नाही, तिला तीही तारीख मिळाली नाही.

आमच्या सासूबाईंच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. तिला काही अर्थ नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण विचारलं की त्या ठामपणे सांगतात, "गांधीजी गेले ना, त्या सालच्या तान्ह्या पोळ्याले झाली मी." म्हणजे १९४८ चा पोळा, त्याचा दुसरा दिवस. तारीख नसली म्हणून काय झालं, तिथी आहे की! त्या हिशेबानं २०२३ साली त्यांना पंचाहत्तर पुरी झाली. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यानं पोळा लांबला होता. १४ सप्टेंबरला पोळा आणि १५ ला तान्हा पोळा.

कुठं जायचं, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्यांचं माहेर अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणापासून उत्तरेला डोंगराची निळी रेघ पाहिलेली. तिथून लाकूडफाटा येई, मध येई, गुरं चरायला जात. पण त्या रेघेच्या वर काय आहे, ते पाहायला बाईमाणसाला कोण नेतं? म्हणून आम्ही चिखलदरा ठरवलं. "मले कायले नेता डोंगरावर? मी काय लहान लेकरू हावो?" असं दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं, "तिथं थंडी असते का वो?" तेव्हा होकार समजून मी शाल बाजूला काढून ठेवली.

चिखलदरा आपल्या अमरावती जिल्ह्यातच, मेळघाटात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. अमरावतीहून परतवाडा पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि तिथून पुढं तीसेक किलोमीटरमध्ये घाट. अकोल्याची मंडळी अकोट-अंजनगावावरून परतवाड्यालाच येऊन मिळतात. तशीच आमचे मोठे दीर आणि जाऊबाई आईंना घेऊन आल्या. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा इथं सुखाचं वाटतं. पण भादव्याच्या तोंडाशी सगळा डोंगर हिरवा असतो आणि धुकं दारातून घरात येतं. माणसाच्या हातानं लावलेली कॉफी महाराष्ट्रात पाहायची तर तीही इथंच.

आता कामाचं बोलू. वडीलधाऱ्या बाईला घेऊन जायचं तर पहिली गोष्ट पाण्याची. घरातल्या म्हाताऱ्या बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीतच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? वाटेत जायची सोय कुठं होणार, ही त्यांची चिंता. ती त्या मुलाला सांगत नाहीत, आपल्यालाही सांगत नाहीत. मग घाटात चक्कर येते आणि आपण म्हणतो, गाडी लागली. म्हणून वाटेतला थांबा आधी ठरवा आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा, "आई, परतवाड्याला चांगली सोय आहे, तिथं उतरायचंच आहे." एवढं ऐकलं की त्या निर्धास्त पाणी पितात.

खोली ठरवताना देखाव्याची चौकशी नंतर करा. आधी तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, संडास बसायला उंच आहे का, आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं. घाट अंधार पडायच्या आत चढा. आईंना पुढच्या सीटवर बसवा. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. तोंडात आवळ्याची सुपारी बरी. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या हातातल्या पिशवीत असू द्या, डिकीतल्या बॅगेत नव्हे. मोठा इलाज लागला तर डोंगर उतरून अचलपूर-परतवाडा किंवा अमरावती गाठावी लागते, हे ध्यानात ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. चपलेऐवजी खरखरीत तळव्याचे बूट आणि काठीला रबराची टोपी हवीच. गाविलगडचा किल्ला जवळच आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं तो घेतला. पुढं नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. पण तिथली चढउतार पोरांना आणि बापांना करू द्या. आईंना भीमकुंड आणि देवी पॉइंट पुष्कळ झाले.

शिदोरी कोरडी घ्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधातल्या दशम्या, जवसाची चटणी, चिवडा. पोळ्याच्या पुरणपोळ्या न्यायच्या असतील तर कापडावर पसरून पूर्ण निवू द्या, मगच डब्यात भरा. वाफ राहिली की दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो. केक मात्र नेऊ नका. घाटातल्या वळणांनी त्याचं काय होतं ते विचारू नका! चिखलदऱ्याला गवळी लोकांचं दूध, खवा आणि रबडी मिळते. आमचा वाढदिवस रबडीवर झाला. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायची हौस होती, पण वाऱ्यात पंचाहत्तर वाती कोण सांभाळणार? घरूनच कणकेचे बारा दिवे वाफवून नेले. सात मोठे दहाच्या मानाचे आणि पाच लहान एकेकाच्या मानाचे. कणकेचे दिवे फुटत नाहीत आणि गुंडाळून नेता येतात. नातवानं आपला लाकडी बैल झूल घालून आणला होता. त्यानं आजीकडंच बोजारा मागितला आणि वसूलही केला.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलांना कौरव-पांडवांची गोष्ट ठाऊक असते, पण चिखलदऱ्याची सांगा. विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राबणाऱ्या द्रौपदीला कीचकानं छळलं, भीमानं त्याला मारून या दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले. म्हणून हा कीचकदरा, त्याचा चिखलदरा, असं लोक सांगतात. पटराणीलासुद्धा दुसऱ्याच्या घरी कामाला लागल्यावर विसावा नव्हता. आपण तर घरच्याच!

म्हणून माझं ऐका. सहलीला जाताना स्वयंपाकघर असलेली खोली कधी घेऊ नका. "गॅस आहे, भांडी आहेत, चहा तरी आपला करता येईल," असं यजमान मोठ्या कौतुकानं सांगतात. चहानं सुरुवात होते. मग पोरांसाठी खिचडी, मग दहा माणसांची भाजी-पोळी. बाकीचे धुकं पाहून येतात आणि आपण कुकरच्या शिट्ट्या मोजतो. जिथं चूल असते, तिथं ती एखादी बाई शोधतेच. आणि वाढदिवस सासूबाईंचा असला तरी ती बाई बहुधा त्याच होतात, कारण सुना कामात असल्या की त्यांना बसवत नाही. आमच्या जाऊबाईंचा विचार खोलीत शेगडी हवी असा होता. आम्ही दोघी बोललो आणि दोन दिवसांचं जेवण आधीच सांगून ठेवलं. थर्मास, औषधं आणि ओले कपडे ही खाती दोघा भावांकडं दिली. पहिल्या सकाळी आई सवयीनं पाचला उठल्या, इकडंतिकडं पाहिलं, आणि करायला काहीच नाही म्हणून पुन्हा पांघरूण घेऊन झोपल्या. साडेसातपर्यंत! पंचाहत्तर वर्षांत हे कधी झालं असेल, सांगा.

एक गोष्ट मात्र टाळा. वाढदिवस आहे म्हणून गाडीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या पोरांना बिस्किटं-चॉकलेटं वाटू नका. मेळघाटातले कोरकू लोक कष्टाळू, त्यांची भाषा आपल्या मराठीहून अगदी निराळ्या कुळातली, मुंडा कुळातली. इथल्या बालमृत्यूंनी १९९० नंतरच्या वर्षांत साऱ्या महाराष्ट्राला लाज आणली. बैरागडला राहून काम केलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याला २०१९ साली पद्मश्री मिळाली. तिथल्या मुलांना हवं ते पोटभर अन्न आणि वेळेवर औषध. आपल्या चॉकलेटनं फक्त फोटो होतो. रस्त्याकाठी भाजलेलं कणीस विकणाऱ्या बाईकडून कणीस घ्या आणि घासाघीस करू नका. तीही सकाळची चूल उरकूनच आलेली असते. माकडांनाही खायला घालू नका, आणि प्लॅस्टिक पिशवीत भरून परत आणा. हा वाघाचा मुलूख आहे. १९७४ पासून राखलेला.

उतरताना घाटातल्या एका वळणावर धुकं फाटलं आणि खाली सपाट वऱ्हाड दिसलं. आईंनी गाडी थांबवायला सांगितली. "माह्यं गाव कोण्या अंगाले?" मोठ्या दिरांनी उजव्या हाताला लांबवर बोट दाखवलं. तिथं काही दिसण्यासारखं नव्हतं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिकून हे दिसे, आता इकून ते पायलं." दुसरं काही बोलल्या नाहीत.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि विचारा, कोणता सण जवळ होता, पीक कुठवर आलं होतं, गावात काय घडलं होतं. त्यावरून तिथी निघते. अधिक खात्री हवी असेल तर त्यांच्या माहेरच्या तहसील कचेरीत जुन्या नोंदींच्या नकलेसाठी अर्ज करता येतो. तिथं नुसतं 'मुलगी' लिहिलेलं सापडलं तर हिरमुसू नका. आपल्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर त्यांचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि तिथी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या दिवशी डोंगरावर जाणं जमेलच असं नाही, पण त्यांच्या हातात चहाचा कप आयता देणं नक्की जमेल.